दुसऱ्याच्या बेसवर

शंकरप्पा : स्पीकरचे बॉक्स न्हाई मिळायचे, व्यंकटी. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा हाय, त्याला द्यायचेत.

व्यंकटी : मोर्चा मंगळवारी हाय. मला उद्याच्याला पाहिजेत, नांदेडला. अल्बम पयल्यांदा लोकांसमोर वाजणार, त्याच्यावर मी सॅक्सोफोन वाजवणार. अन् हॉलच्या स्पीकरमधून बेसच निघंना.

शंकरप्पा : मग नांदेडच्या त्या किशनरावाला सांग की. अल्बममदी सॅक्सोफोन तुझा, बेस त्याचा, नाव दोघांचं. माझ्याकडून निस्ते लाकडाचे डबे पाहिजेत व्हय?

रत्नम्मा : आधी बसू तर द्या त्यास्नी. भावजी, देगलूरहून उन्हाचं आलाव. पाणी घ्या. टँकरचं हाय, पण गाळून घेतलंय.

व्यंकटी : द्या, वहिनी.

शंकरप्पा : लग्नाचा बँड संपला की आपण दोघं ह्याच दुकानात बसायचो. मी गाणं सोलायचो, खाली बेस आन् ढोल तेवढा ठेवायचो, बाकीचं इकोत सोडून द्यायचो. तू वर जॅझ वाजवायचास. ह्याला डब म्हणत्यात, हे तुला कुणी सांगितलं?

व्यंकटी : तूच. म्हणून आधी तुझ्याकडंच आलतो. दिवाळीपासून म्हणून राहिलो होतो, अल्बम करू. तू म्हणलास, जिल्हा होऊ दे, मग बघू.

शंकरप्पा : लातूरला रेल्वेनं पाणी यायलंय. लग्नं कोण काढतंय? दुकान मोर्चाच्या भाड्यावरच चालायलंय.

व्यंकटी : मला तर मोर्चाबी न्हाई. सॅक्सोफोन कोण बोलवतं मोर्चाला? घरी बसून ओठांची वाजवायची सवय सुटून राहिली होती. किशनरावांनी बोलवलं, गेलो.

शंकरप्पा : गेलास, आन् मला सांगितला न्हाईस. आपल्या बँडातला पंचाक्षरी वायर घ्यायला आला, तो सांगायलाय, तुमच्या व्यंकटीचं लई भारी झालंय. मी त्याला वायर मोजून देत होतो.

व्यंकटी : सांगितलं असतं तर काय म्हणला असतास?

शंकरप्पा : जाऊ नको म्हणलो असतो.

रत्नम्मा : भावजी, ह्यांनी ऐकलंय ते. पंचाक्षरीनं मोबाईलवर दिलंय. कानात वायर घालून बसत्यात, जेवायला हाक मारली तर ओ न्हाई. मीबी ऐकलं. त्यात गाणं कुठं हाय ते कळलं न्हाई, पण माझी भाकरी करपली.

शंकरप्पा : तू आत जा बरं.

रत्नम्मा : जाते. पण ऐकलंय त्यांनी.

व्यंकटी : कसं वाटलं?

शंकरप्पा : चुका हुडकायलो होतो.

व्यंकटी : सापडल्या?

शंकरप्पा : दुसऱ्या तुकड्यात तू एक सूर धरून बसतोस आन् तो मानूस खालचा बेस काढूनच टाकतो. सगळं रिकामं. मी न्हाई काढला असता. तू एकटा पडशील, असं वाटलं असतं मला. त्यानं तुला एकटं सोडलं, आन् तू जे वाजवलास... माझ्याकडं कधी तसं वाजवला न्हाईस.

व्यंकटी : अप्पा, तसं न्हाई.

शंकरप्पा : तसंच हाय. वाईट झालं असतं तर मीच बॉक्स टेम्पोत घालून आणले असते. चांगलं झालंय, म्हणून जिवावर आलंय.

व्यंकटी : मग निघू मी?

(शंकरप्पा बॉक्सवरची ताडपत्री काढू लागतो.)

शंकरप्पा : हॉलला खाली काय हाय? फरशी?

व्यंकटी : हाव, फरशी.

शंकरप्पा : मग आवाज घुमंल, खाली टाकायला सतरंज्या घ्याव्या लागतील. तुमाला दोघांना ते जमायचं न्हाई. मी येतो.

व्यंकटी : स्टेजवरून तुझं नाव घेऊ?

शंकरप्पा : नको. मी मागं मशिनीपाशी बसतो.

व्यंकटी : पुढचा अल्बम आपण दोघंच करू.

शंकरप्पा : आज शब्द देऊ नको. उद्या त्याच्या बेसवर वाजव, मग सांग.