तीन हजार एमएमचा तंबू

आन् तो दुकानदार मला म्हणतो, चौघांचा तंबू म्हणजे तिघांचा, बरं का. आता तुम्हीच सांगा, ह्याला काय उत्तर द्यायचं? पिशवीवर चौघांचा म्हणून लिवलंय, चित्रात चार माणसं झोपल्याली दावल्यात, आन् हा म्हणतो तिघांचा, कारण चौथ्याच्या जागेवर सामान. मी म्हणलं, सामान घोड्यावर असतंय वो. तर चष्मा नाकावर खाली घेऊन माझ्याकडं बघतोय... "घोडा? ट्रेकला?" कसला ट्रेक आन् कसलं काय, मला आबांना कोरडं ठेवायचं व्हतं. एवढंच. दुसरं काय मागणंच नव्हतं माझं.

थांबा, मुळापासनं सांगतो, न्हाईतर तुम्ही म्हणाल, हा निमोण्याचा हनुमंता, रांजणगावला कंपनीत मशीनवर काम करतो, ह्याला तंबूचं खूळ कुठनं लागलं. तर आमी मेंढरांवालं. आता शेती हाय, कांदा हाय, मी नोकरीला हाय, पण आबांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, मेंढरं काय सोडली न्हाईत. दिवाळी झाली की आबा, आई, हौशीराम चुलता आन् सरूबाई चुलती, असं चौघं, सव्वाशे मेंढरं, दोन कुत्री आन् येक घोडं घेऊन निघत्यात ते पावसाळ्याच्या तोंडाला घरी. आज ह्याच्या रानात मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या. आन् माणसांनी झोपायचं कुठं? उघड्यावर. वर आभाळ, अंगावर घोंगडं. गेल्या साली अवकाळीत गारा पडल्या, आबा वल्या घोंगड्यात बसून ऱ्हायले, छाती भरली, निमोनिया झाला, शिरूरला दवाखान्यात आठ दिवस सलाईन. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणला, "हे बघा, सत्तरीचा माणूस आहे, फुप्फुसं थकलीत. परत असे भिजले तर मी काही सांगू शकणार नाही." आई तिथंच भिताडाला टेकून बसल्याली. ती म्हणली, "हनुमंता, येक तर ह्यास्नी घरी बसीव, न्हाईतर कोरडं तरी ठेव."

घरी बसवायचं करून बघितलं की! आठ दिवस घरी व्हते. टीव्हीकडं पाठ, मेंढरांच्या मोकळ्या वाड्याकडं तोंड. जेवायला वाढलं तर विचारायचे, तिकडं हौश्यानं कोकरांना पाजलं आसंल का. नवव्या दिवशी काठी घेतली आन् गेले. बापाला काय दाव्यानं बांधायचं व्हय? मग ऱ्हायलं काय, तर कोरडं ठेवायचं. एवढंच.

आमच्या लाईनवर विश्वजीत साहेब म्हणून सुपरवायझर व्हता, इनामगावच्या बागाईतदाराचा पोरगा, सहा दिवस आमच्या डोक्यावर आन् रविवारी किल्ल्यावर. त्याला म्हणलं, साहेब, तंबू घ्यायचाय, कसला घेऊ? आन् तितंच चुकलं माझं. साहेब सुरूच झाला. "हनुमंत, एका थराचा घेऊ नकोस. आतलं कापड वेगळं, वरचं वेगळं, मधे हवा खेळली पाहिजे, नाहीतर तुमच्याच श्वासाचं पाणी होतं आणि तुमच्याच अंगावर ठिबकतं." म्हंजी बघा, पाऊस नसला तरी भिजायची सोय हायच. "शिवण बघ, आतून पट्टी मारलेली पाहिजे. बूड बघ, कडेनं वर आलेलं पाहिजे. आणि तीन हजार एमएमच्या खाली तर घेऊच नकोस." मी म्हणलं, साहेब, आमच्या शिरूर तालुक्यात वर्साकाठी पाचशे एमएम पडला तर लोक पेढं वाटत्यात. तीन हजार पडला तर तंबू काय करायचा, होडी घ्यावी लागंल! मग साहेबानं जेवणाची सुट्टी घालवून मला समजावलं... उभी नळी, नळीत पाणी, खाली कापड, पाण्याचा दाब, कापड कवा गळतंय ते... डबा गार झाला माझा. कळलं काय न्हाई, पण आकडा ध्यानात धरला. तीन हजार. आबांसाठी तीन हजार.

पाठीवर घेऊन फिरायचा तंबू आणतो म्हणून आबांना सांगायला गेलो तर ते म्हणले, "पाठीवरचा तंबू? आन् घोडं काय मेलंय व्हय?" मी म्हणलं, आबा, पाठीवर न्या, घोड्यावर न्या, पण आत झोपा. तर जरा इचार करून म्हणले, "आणतुयास तर रंग बघून आण. भडक आणलास तर घोडं बुजंल, मेंढरं फुटत्याल."

आता हे ध्यानात ठेवून गेलो मी पुण्याला. दुकानात समदं तंबू कसलं? नारंगी, पिवळं, लालभडक. मी म्हणलं, मातीच्या रंगाचा दावा की. दुकानदार म्हणतो, "अहो, भडक मुद्दाम असतो. माणूस हरवला तर हेलिकॉप्टरमधून दिसतो." मी म्हणलं, आमच्यात हरवलं तर शीळ घालत्यात, हेलिकॉप्टर पाठवत न्हाईत. शेवटी माळ्यावरनं येक काढला, शेवाळी, धूळ खाल्ल्याला. मी शिवण बघितली, पट्टी बघितली, बूड बघितलं, दुकानात फरशीवर तंबू उभा करायला लावला आन् आत जाऊन आडवा झालो. ह्या कुशीवर आई, त्या कुशीवर आबा, पायाशी चुलता, आसं मापून बघितलं. भायेर गिऱ्हाईक उभी. दुकानदार म्हणतो, "झोप झाली का?" काय बी म्हण बाबा, तुझा बाप आठ दिवस सलाईनवर नव्हता.

घरी आणून अंगणात ठोकला, रुपालीला, म्हंजी माझ्या बायकोला, आत बसवलं, आन् कांद्याच्या मोटारीचा पाईप धरला वरनं. अर्धा तास. मी भायेरनं विचारायचं, गळतंय का? ती आतनं, "न्हाई वो." परत, गळतंय का? "न्हाई म्हणलं ना." समदी आळी गोळा झाली, शेजारचा संपत विचारतो, वहिनीनं काय केलं वो? काय सांगणार लोकांना? मला आबांना कोरडं ठेवायचं व्हतं. एवढंच.

तर मार्चातला रविवार. मेंढरांचा वाडा तवा कासुर्डीजवळ, ऊस तुटल्याल्या रानात. न्हावरा, चौफुला करीत मोटारसायकलवर गेलो, तंबू ठोकला. आबांनी भवतीनं दोन चकरा मारल्या, कापड बोटांनी चोळलं, म्हणले, "आत चूल कुठं मांडायची?" म्हणलं, आबा, चूल न्हाई मांडायची, जळंल. "मग आत पडून मेंढरं कशी दिसायची?" आबा, झोपल्यावर मेंढरं कशाला बघायची? तर माझ्याकडं आसं बघितलं, जसं काय मी त्यांचा न्हाईच. आई मातूर आत जाऊन बसली, हात फिरवला, म्हणली, "ब्येस हाय रं." सरूबाई चुलती बी बसली. माझा जीव भांड्यात पडला.

आन् तुम्हाला सांगतो, तीन-साडेतीनला भुलेश्वराच्या डोंगरामागनं आभाळ काळं झालं. वारं सुटलं, पाचटाचं भिरभिरं उठलं, आन् गारा... हरबऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. मी आन् हौशीराम चुलता पळालो, मोठी मेंढरं बांधाच्या आडोशाला घातली, घोडं धरलं. मी चिंब. पण खरं सांगू? बरं वाटत व्हतं मला. डोस्क्यावर गारा तडातड वाजत्यात आन् मी मनात म्हणतोय, पड लेका, किती पडतोस ते पड, औंदा माझा बाप आत हाय. आईच्या शेजारी, कोरडा.

जरा कमी झाल्यावर आलो पळत. बघतो तर आबा भायेर! तंबूच्या दोरीचा हाताला येढा मारून, वाऱ्यानं खुट्टी उपटू नये म्हणून, पाय रोवून बसल्यालं. घोंगडं वलंगच्च. मी म्हणलं, आबा, आवं, आत का न्हाई गेलासा? तर म्हणले, "आत जागा कुठं हाय?"

मी तंबूची चेन वढली. मोजली मी. सतरा कोकरं. त्यातली चार त्याच दिवशी सकाळी जन्मल्याली, नाळ सुदिक वाळली नव्हती. आई मधी मांडी घालून, दोन मांडीवर, येक पदरात. पल्याड सरूबाई चुलती, तिच्या बी दोन्ही काखंत येक येक. आन् आत काय गरम वो... काय उबारा... येक थेंब न्हाई. शिवणीतनं न्हाई, बुडातनं न्हाई.

"चांगला घेतलास रं," आबा म्हणले. "गेल्या गारांत सात मेली व्हती. औंदा येक बी न्हाई जायाचं." आन् खोकले. तोच खोकला, खोल, शिरूरच्या दवाखान्यातला.

मला रडूच आलं. मी आईकडं बघितलं. म्हणलं हीच म्हणली व्हती ना, ह्यास्नी कोरडं ठेव म्हणून, ही तरी बोलंल, दोन-चार कोकरं चुलतीकडं सरकवंल, म्हाताऱ्यापुरती येक वीत जागा करंल. आईनं मांडीवरचं पिल्लू पदरात झाकलं, माझ्याकडं बघितलं आन् म्हणली, "हनुमंता, चेन लाव बाबा. गार वारं आत येतंय, पिल्लं कुडकुडत्यात."

लावली मी चेन. भायेरनं. आन् आबांनी वल्या घोंगड्याचं टोक उचलून धरलं माझ्यासाठी. बसलो. करतो काय?