असूयेचं नाक

मायकेन : ते नाक माझ्या आईचं आहे.

योरिस : अगं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं नाक! ते कुणाचं कसं असेल?

मायकेन : मी तिच्या पोटची मुलगी आहे, मला नका शिकवू. हनुवटीवरचा तीळसुद्धा तिचाच! मदनबाळ गळ टाकून माणसांची काळजं मासळीसारखी ओढतोय, शिंपल्याच्या होडीत व्हीनसदेवी हसतेय आणि मागून ही बोळकी म्हातारी कात्रीनं दोरी कापतेय. खाली काय कोरलंय?

योरिस : ‘असूया’.

मायकेन : माझी आई असूया?

योरिस : चेहराच सुचत नव्हता गं. तेवढ्यात त्या दारात येऊन म्हणाल्या, ‘जावईबापू, अजून चित्रंच काढताय का?’ हात आपोआप चालला.

मायकेन : राहतो तिच्या घरात, छापतो तिच्या माडीवर. तिनं हाकललं तर अख्ख्या अँटवर्पमध्ये कोण उभं करणार आहे आपल्याला? खरवडून टाका ते आधी!

योरिस : पत्रा खरवडतो. पण छापलेल्या प्रती वाळत घातल्यात.

मायकेन : कुठे?

योरिस : जिन्यात.

मायकेन : अहो, जिन्यातून आई येतेय!

(मायकेनची आई दिग्ना ओली प्रत दोन बोटांत धरून आत येते.)

दिग्ना : जावईबापू, मला न विचारता माझं तोंड गावभर दाखवायला काढलंत?

योरिस : आई, ते... म्हणजे...

मायकेन : आजच खरवडतायत ते.

दिग्ना : खरवडतायत? खबरदार! खिडकीशी ये, ही व्हीनस बघ. लग्नाआधी मी अश्शीच होते. फक्त अंगावर कपडे असायचे.

योरिस : पण आई, ती तर धक्क्यावरची शिंपलेवा—

मायकेन : शिंपल्यातली देवी, असं म्हणतायत ते. तुझ्यावरूनच काढलीय. हो ना हो?

योरिस : हो. हो हो.

दिग्ना : आणि ही कात्रीवाली थेरडी?

योरिस : ती कुणीच नाही.

दिग्ना : कुणी नाही कशी? आमची क्लारा आहे ही! नाक आणि तीळ तेवढे आम्हा बहिणींचे सारखे, पण स्वभाव बरोब्बर पकडलात. एक प्रत तिच्याकडे पाठवा.

योरिस : पाठवतो.

दिग्ना : घडी घालू नका, चेहऱ्यावर चुणी पडेल. माझ्या.

योरिस : नाही घालत.

दिग्ना : मायकेन...

मायकेन : काय गं?

दिग्ना : खरं सांग. माझी मान अशी होती का गं?

मायकेन : होती. बाबा सांगायचे.