न विचारता आणलेली सायकल

उद्याच्या सायकल शर्यतीचे नंबर वाटणाऱ्या टेबलापुढे रांग लागली होती. नंबर घ्यायला आलेल्या एका नर्सबाईंच्या पुढेच एक जोडपं उभं होतं. नवऱ्याने कोरी करकरीत सायकल धरली होती. सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं.

“अगं, निदान हात तरी लावून बघ.”

“शर्यत उद्या आहे, आणि तू आज सायकल बदललीस?”

“तुला चकित करायचं होतं. किती हलकी आहे बघ!”

“पुलानंतरच्या उतारावर जुनीचा ब्रेक किती दाबायचा, ते माझ्या बोटांना ठाऊक आहे. हिचं कोण सांगणार, तू?”

“होईल गं सवय. नव्याचे नऊ दिवस...”

“मला त्यातला एक तरी दिलास का? माझी सायकल कुठे आहे?”

“मावसभावाला देऊन टाकली. नाहीतर पडूनच राहिली असती.”

नर्सबाईंनी हातातलं ओळखपत्र उगाचच पुन्हा वाचलं.

“वर्षभर पहाटे उठून मी जिच्यावर सराव केला, ती देऊन टाकलीस?”

“हळू बोल, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत! उद्या मी आपटले तर हेच लोक उचलतील मला.”

“बरं बाई, चुकलं. पण आता हिच्यावरच शर्यतीत उतर ना.”

“मुळीच नाही. त्याला फोन कर आणि माझी सायकल परत आण.”

“दिलेली वस्तू परत कशी मागू?”

“मला न विचारता दिलीस ना? तशीच, न लाजता माग.”

नवरा सायकल ढकलत रांगेबाहेर गेला आणि भिंतीकडे तोंड करून त्याने फोन कानाला लावला. बायको टेबलापाशी पोचली.

“ताई, सायकल आणलीय का तपासायला?” टेबलामागच्या माणसाने विचारलं.

“येतेय,” ती म्हणाली. “तुम्ही नंबर द्या.”