शेवटची दुमड

—नाही ताई, तो ड्रेस नका काढू. तो भाड्याचा नाही. भिंतीला लटकतोय म्हणून काय झालं, देवाचा फोटोही भिंतीलाच असतो, तो काय आपण गॅदरिंगला देतो? बसा तुम्ही. बाळ, तू पण बस त्या स्टुलावर. दुसरं दाखवते ना मी— झाशीची राणी आहे, वासुदेव आहे, भाजीवाली आहे टोपलीसकट. हा द्राक्षाचा घड बघा, जांभळे फुगे लावायचे अंगभर, नाशिकची पोर, शोभून दिसेल! नको? अंतराळवीरच? हो, आता सगळ्यांना तेच लागतं. चांद्रयान उतरल्यापासून माझ्या वासुदेवाला कुणी हात लावत नाही. पोरांच्या मापाचे होते ना माझ्याकडे, सगळे गेले सकाळीच. आणि हा तुम्ही बघताच आहात— बाईमाणसाच्या अंगाचा आहे. तुमची लेक दोनदा मावेल त्यात.

मोठा कशाला शिवला? मोठा कुठं शिवला, शिवला तेव्हा तुमच्या लेकीएवढाच होता! उज्वलाचा आहे तो, माझ्या मुलीचा. आत मशीनवर बसलीये, खडखड येतेय ना ऐकू? बालवाडीच्या नाचाचे ससे शिवतेय. तिसरीत होती तेव्हा शिवला. डोक्यावरचं ते मी माठावर केलं— माठावर कागदाचा लगदा थापला, वाळल्यावर आतला माठ फोडला, झालं हेल्मेट. आणि माझी सवय अशी, की पोरासोरांचं काही शिवलं की आत कापड सोडायचंच. चांदवडला माझी आई आमच्या परकराला खाली दुमडीवर दुमडी घालायची— वाढतं अंग, दर दिवाळीला एक उसवायची, परकर तोच. तसंच याचं. हातापायाला दुमडी, कुशीच्या शिवणीत जादा कापड. इतर पोरी भाजीवाली होतात, घरी आल्या की परत पोरी होतात. ही काही त्यातनं बाहेरच आली नाही. दर वाढदिवसाला उभी राहायची माझ्यापुढं— आई, उसव.

चंद्रावरच जायचं होतं तिला, दुसरं काही नाही. कुठनं शिरलं डोक्यात, काय सांगू? माझी संकष्टी असते ना— आजही आहे— तर मी चंद्र बघितल्याशिवाय घास घेत नाही. ही लहान, तिला ते बघवायचं नाही. पावसाळ्यात ढग असले की गच्चीत पळापळ करायची. एकदा म्हणाली, आई, मी तिथं गेले ना, की वरनंच हाक मारीन— उगवला गं, जेव आता. हसले मी. पण ताई, खोटं कशाला बोलू, मनात कुठंतरी धरून बसले ते.

आधी हवाई दलात पायलट व्हावं लागतं, मग पुढचं— हे सगळं तिनंच शोधलेलं. अभ्यासात कुठं कमी पडली नाही. लेखी पास, मुलाखत पास. उंची! उंची दहावीलाच थांबली. आमचं घराणंच बुटकं, त्याला ती काय करणार? दाराला पाइप ठोकला, त्याला लोंबकळायची, शेजारच्या सिंधुबाई म्हणायच्या, पोरगी वटवाघूळ होणार तुमची. कुणी खजूर सांगितले, कुणी सूर्यनमस्कार, सगळं केलं. मी आपली म्हणायचे, अगं वाढशील, काही जणी उशिरा वाढतात. आणि तिकडं मेडिकलला नेऊन भिंतीला उभी केली, टाचा टेका म्हणाले, आणि दोन बोटं कमी. दोन बोटं, ताई! माझ्याकडं कुणाचा ब्लाउज दोन बोटं कमी पडला तर मी उभ्या उभ्या शिवण सोडून देते. माणसाला कुठनं सोडणार?

रडली? छे. रडली असती तर बरं झालं असतं. आली, हातपाय धुतले, आणि मशीनवर बसली. मग त्या शास्त्रज्ञांच्या परीक्षा दिल्या, त्यातही नाही झालं. आता वयही गेलं. चांद्रयान उतरलं ना, सगळी गल्ली टीव्हीपुढं, पेढे काय, फटाके काय— हिनं बटणांची काजं करायला घेतली. एकदा मान वर केली नाही. मी माझा पेढा तसाच डब्यात ठेवला.

पायाला एक दुमड अजून आहे आत. हे बघा, हात लावा— लागली? ही उसवायची वेळच आली नाही. दर दसऱ्याला उन्हात घालते, इस्त्री करते, आणि तेवढी चाचपते. वेडेपणाच म्हणा. परवा तर— दुपारी डोळा लागला होता तिचा, पालथी झोपली होती, आणि मी टेप लावून बघितला. डोक्यापासून टाचेपर्यंत. तिशी ओलांडलेल्या बाईला! काय वाटलं असेल मला, वाढली असेल? तेवढीच हो. तेवढीच आहे. हे मी तुम्हाला कशाला सांगतेय—

मशीन थांबली का हो?

उज्वला? अगं, काही नाही, ह्या ताई आल्यात पोरीला घेऊन. कधीपासून ऐकतेयस? बरं... टेप कशाला घेतलास? अगं, तिला नाही बसणार तो. छोटा करून? तो कापून? उज्वला, अगं द्राक्षाचा घड आवडलाय तिला— आवडला ना गं बाळ? बोल की. बरं. राहा उभी, उज्वलाताई माप घेतेय तुझं. हात खाली. बघा कशी चवड्यांवर उभी राहिलीये, मोठं व्हायची घाई! टाचा टेक म्हणतेय ती, बाळ. टाचा टेक.

काप मग. पण वरनं काप, कुशीतनं घे, ती पायाची दुमड तेवढी राहू दे आत. ह्या पोरीचं वाढतं अंग आहे— काय? काय म्हणालीस?

भाड्याच्या ड्रेसला वाढ कशाला, म्हणतेय.

तुम्ही निघा ताई. उद्या सकाळी न्या, तयार असेल. नाही, थांबून काय करता, उपास आहे माझा, डोकं चढलंय. या. पायरी बघून उतर गं बाळ.

उज्वला, आण ती कात्री इकडं. मी कापते. तू जरा गच्चीवर जाऊन बघून ये, उगवला का— नको? बरं. नको जाऊस.