बोटीवरचं गाऱ्हाणं

मंडळी, ऐका. पूर्वरंगात आपण सत्याचं निरूपण केलं. तुम्ही माना डोलावल्यात. सत्याला माना सगळेच डोलावतात — फुकट असतं ना! आता आख्यान लावण्याआधी एक प्रश्न विचारतो, प्रत्येकाने मनातल्या मनात उत्तर द्या. खोटं बोलताना माणूस पकडला गेला, तर तो हरला. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण खोटं पचलं तर? समोरच्याने खरं मानलं, कुणाला संशयसुद्धा आला नाही — तर तो माणूस जिंकला की नाही?

काय हो खोत, जिंकला ना? ... खोत नुसते हसतायत. अनुभवी माणूस!

तर कथा आहे पद्माकर तेंडोलकर मास्तरांची. गाव कुडाळ. नोकरी हायस्कुलात. पण मास्तरांची खरी कीर्ती शिकवण्यात नव्हती हो, ती होती भरारी पथकात! दहावीच्या परीक्षेला जीपमधून यायचे, वर्गाच्या दारात उभे राहायचे, कुणाला हात लावायचे नाहीत, नुसतं बघायचे. आणि बोट करायचे — "तू. डावा मोजा काढ." मोज्यात चिठ्ठी! वीस वर्षं हेच. त्यातून मास्तरांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की आपल्याला माणसाचा चेहरा वाचता येतो. घरी दूधवाला आला तरी त्याच्याकडे अर्धा मिनिट रोखून बघायचे. दूधवाला बिचारा न विचारता सांगायचा, "आज थोडं पाणी पडलंय."

निवृत्त झाले. आता चेहरे कुणाचे वाचणार? घरात एकच चेहरा, शालनताईंचा. आणि बायकोचा चेहरा तेवढा वाचायचा राहून जातो, हा तर सगळ्याच पंडितांचा नियम. मग मास्तर फोनवर पत्ते खेळायला लागले. पोकर म्हणतात त्याला. तुमच्या तीन पत्तीचा सुटाबुटातला भाऊ! आपल्या हातात दोन पत्ते झाकलेले, मधे पाच उघडे, आणि सगळी मजा कशात? हातात काही नसताना आहे असं भासवण्यात. त्याला ते ब्लफ म्हणतात, आपण म्हणतो हूल. खेळता खेळता एका फुकटच्या स्पर्धेत मास्तर पहिले आले. बक्षीस काय? गोव्याला मांडवी नदीतल्या बोटीवर मोठी स्पर्धा, सहाशे खेळाडू, तिचा प्रवेश!

मास्तर हरखले. पण घरी सांगायचं कसं? अहो, ज्यांनी मोज्यातल्या चिठ्ठ्या पकडल्या, त्यांनी बायकोला सांगायचं — मी जुगाराच्या बोटीवर चाललो?

आता इथे जरा हळू घेऊ. तबलजी, हात थांबवा.

त्या वर्षी शालनताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली, पण आवाज गेला. चार महिने बाई पाटीवर लिहून बोलत होती. तिने कुलदेवीला नवस केला होता. आवाज परत आला, तर पहिलं बोलणं तुझ्यापुढे, माझ्या तोंडाने. आणि आवाज आला हो! घोगरा, तुटका, पण आला. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर प्रवास नको, बोलायचंही मोजकं. देवी तर गोव्यात, फोंड्याच्या बाजूला. ताईंनी पाटीवर लिहिलं, 'पुढच्या महिन्यात जाऊ.'

आणि मास्तरांच्या डोक्यात वीज चमकली. म्हणाले, "पुढच्या महिन्यात कशाला? मी जातो. ओटी भरतो. मध्यान्हीच्या आरतीला फोन देवीपुढे धरतो, तू इथून बोल. तुझ्याच तोंडून होईल."

बघा मंडळी, बुद्धी बघा. देवीच्या ओटीखाली पत्त्यांचा जोड! ताईंचे डोळे भरून आले. मास्तरांनी ते बघितलं, आणि चेहऱ्याच्या त्या जाणकाराला काय वाटलं? काम फत्ते. ताईंनी हिरवं लुगडं, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं पिशवीत नीट भरून दिलं. आणि आवाज आला असूनही घरात एक शब्द बोलल्या नाहीत. देवीसाठी आवाज राखून ठेवला.

बेत असा होता, की पहिल्या दिवशी खेळायचं, लवकर हरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात. दोन्ही गोष्टी साधतात. असा हिशेब आपण सगळेच करतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी का करतो मग?

मास्तर बोटीवर चढले. आत काय थाट! पायाखाली गालिचा, डोक्यावर झुंबरं, आणि घड्याळ कुठेच नाही. वेळ कळला तर माणूस घरी जाईल ना! नऊजणांचं एक टेबल. मास्तरांनी ओटीची पिशवी ठेवली कुठे? टेबलाखाली. पायाशी! बसले, चष्मा पुसला, आणि भरारी पथकाच्या नजरेने एकेकाला वाचायला लागले. दिल्लीचा एक तरुण, काळा चष्मा, डोक्यावर टोपी — 'हा कॉपी करणारा.' समोर सुरतेच्या एक बाई, तोंडात बडीशेप, मांडीवर विणकाम — 'ही साधी. हिला काही येत नाही.'

मास्तरांनी त्या बाईंना हूल दिली. बाईंनी बडीशेप चावत पकडली. मास्तरांना वाटलं, योगायोग. पुन्हा दिली, पुन्हा पकडली. दुपारपर्यंत चार वेळा हूल, चारही वेळा पकडले! पैशांच्या जागी लावायच्या चकत्यांचा पुढ्यातला ढीग वाळत घातलेल्या आमसुलासारखा चपटा झाला. शेवटी चहाच्या सुट्टीत मास्तरांनी विचारलं, "बाई, तुम्हाला कळतं कसं?"

बाई म्हणाल्या, "मास्तरजी, खोटं खेळायचं असलं की तुम्ही चष्मा पुसता."

आयुष्यभर दुसऱ्यांचे मोजे काढायला लावले, आणि स्वतःची चिठ्ठी अशी नाकावर! मास्तर चिडले. त्या तिरीमिरीत पुढच्या डावात सगळ्या चकत्या मधे लोटल्या — आणि नशीब बघा, पत्ते खरंच आले. एकदा नाही, तीनदा. संध्याकाळी सहाशेतले नव्वद उरले, त्यात आपले मास्तर! छाती फुगली. आता देवळात कोण जातो? त्रेसष्टाव्या नंबरापर्यंत बक्षीस होतं. मास्तर म्हणाले, देवी काय पळून जाते? संध्याकाळी जाऊ. आणि फोनचं? फोनचं बघू.

दुसरा दिवस. खेळ सकाळीच सुरू. बरोबर बाराला खिशातला फोन थरथरला. मास्तर उठले, बोटीच्या कठड्यापाशी गेले. फोन कानाला लावला. पलीकडे शब्द नाही, नुसता श्वास. ताई वाट बघत होत्या.

मास्तर म्हणाले, "पोचलो गं. आरती चाललीय."

आरतीला घंटा नको का? शेजारून वेटर चालला होता. मास्तरांनी त्याच्या ताटातला काचेचा ग्लास घेतला, चमचा घेतला, आणि एका हातात फोन, दुसऱ्या हातात चमचा — टिण् टिण् टिण् टिण्! वेटर बघतच राहिला. त्याला वाटलं सरबत मागतायत. मास्तरांनी चष्मा पुसला असता तर? पण फोनवर चष्मा दिसत नाही मंडळी. मास्तर हळूच म्हणाले, "धरला फोन देवीपुढे. बोल."

आणि इतक्या महिन्यांनी शालनताई पहिल्यांदा बोलल्या. घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं.

"आई, आवाज परत दिलास. पहिलं बोलणं तुझ्यापाशी करायचं होतं, म्हणून राखून ठेवलं. मला मागायचं काही नाही. एवढंच सांगायचं, हे आलेत. तेहेतीस वर्षं झाली लग्नाला, माझ्यासाठी म्हणून हे पहिल्यांदाच कुठे गेले. त्यांच्यावर..."

आणि आवाज बसला. पुढे नुसती हवा. मग फोन ठेवल्याचा आवाज.

मंडळी, टेबलावर चार वेळा हूल दिली, चारही वेळा पकडले गेले. ही पाचवी. ही पचली! त्या सुरतेच्या बाईंना जमलं असतं का हो असं? जिंकले मास्तर. आणि कठड्याला धरून उभे होते. देवीसाठी जपलेला आवाज याच्या कानात संपला होता. आणि याने तो घेतला होता, देवी बनून.

आत टेबलावर त्यांचा डाव आला होता. पत्ते वाटणारी मुलगी हाक मारत होती. मास्तर आत गेले ते टेबलाखाली वाकले, पिशवी उचलली आणि चालू लागले. मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या चकत्या?" मास्तरांनी मागे बघितलं नाही. छोट्या होडीने काठावर, तिथून टॅक्सी. फोंड्याला पोचले तेव्हा आरती उरकली होती, गुरुजी गाभाऱ्याचं दार ओढायच्या बेतात.

"थांबा गुरुजी, ओटी आहे," मास्तर म्हणाले. ओटी भरली. मग फोन लावला. पलीकडे पुन्हा श्वास.

"शालन, मी देवळात आहे."

श्वास.

"आत्ता आहे. मघाशी नव्हतो."

काही नाही. बोलायला आवाज कुठे होता तिच्याकडे? ती आता विचारूही शकत नव्हती, भांडूही शकत नव्हती. आणि मास्तरांना कळलं, की हिचं गाऱ्हाणं आता देवीपर्यंत न्यायचं तर ते आपल्याच तोंडाने न्यायला हवं. दुसरं तोंड नाही.

त्यांनी फोन देवीकडे धरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. "आई, शालनचा आवाज तू परत दिलास."

आता गंमत बघा. मागे सभामंडपात मालवणकडची बसभर माणसं बसली होती. मालवणी माणसाच्या कानावर गाऱ्हाण्याचा सूर पडला की तो गप्प बसेल? कुणाचं गाऱ्हाणं, कसलं गाऱ्हाणं, विचारायची पद्धतच नाही; एकाने वाक्य टाकायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. सगळे एका सुरात म्हणाले —

"व्हय म्हाराजा!"

मास्तर दचकले. पण सुरू झालेलं गाऱ्हाणं मधे थांबवता येत नाही. "पहिलं बोलणं तिने तुझ्यासाठी राखून ठेवलं."

"व्हय म्हाराजा!"

"ती म्हणाली, तेहेतीस वर्षांत..." आणि अडकले. शब्द पाठ होता, पुढे जाईना. गुरुजी म्हणाले, "बोला, बोला." मास्तर म्हणाले, "ती म्हणाली, तिच्यासाठी म्हणून मी पहिल्यांदाच कुठे गेलो. ते खोटं आहे आई. मी पत्ते खेळायला गेलो होतो."

"व्हय म्हाराजा!"

"तिची ओटी मी टेबलाखाली पायाशी ठेवली."

"व्हय म्हाराजा!"

"घंटा म्हणून मी चमचा वाजवला."

हे मालवणकरांनासुद्धा नवीन होतं. दोघंतिघं एकमेकांकडे बघायला लागले. पण रीत ती रीत. "व्हय म्हाराजा!"

मास्तर रडत होते. म्हणाले, "तिचं शेवटचं वाक्य अर्धं राहिलं आई. 'त्यांच्यावर' एवढंच आलं. पुढे काय म्हणणार होती, मला ठाऊक नाही. तेहेतीस वर्षं चेहरा समोर होता, मला ठाऊक नाही. जे असेल ते तू समजून घे."

यावर मंडपात कुणीच काही म्हणालं नाही. गाऱ्हाणं संपलं की अजून आहे, कळेना. आणि त्या शांततेत फोनमधून, घशातून ओरबाडून काढावं तसं, आलं —

"व्हय म्हाराजा."

मंडळी, रडू नका. अजून बोट शिल्लक आहे. मास्तरांची कपड्यांची बॅग तिथेच राहिली होती, म्हणून संध्याकाळी परत गेले. दारात पाऊल टाकतात तो टाळ्या! काय झालं होतं? पोकरची एक रीत आहे. खेळाडू उठून गेला तरी त्याच्या चकत्या तिथेच राहतात. त्याच्या वाटणीचे पत्ते वाटायचे, टाकून द्यायचे, आणि प्रत्येक फेरीला ठरलेली वर्गणी त्याच्या ढिगातून काढून घ्यायची. तर मास्तरांची रिकामी खुर्ची गपचूप वर्गणी देत बसली. तिने हूल दिली नाही, चिडली नाही, कुणाचा चेहरा वाचला नाही. आणि बाकीचे हुशार एकमेकांच्या अंगावर सगळं लोटून एकेक करून बाहेर! शेवटी चकत्या संपल्या तेव्हा खुर्चीचा नंबर एकसष्टावा. बक्षिसात!

म्हणजे मास्तर बसले तेव्हा चार वेळा पकडले गेले, आणि उठले तेव्हा जिंकले. या एका वाक्यावर मी तासभर वेदान्त सांगू शकतो. सांगत नाही, आत महाप्रसाद निवतोय.

तो काळ्या चष्म्याचा दिल्लीचा तरुण वही घेऊन आला. म्हणाला, "सर, ही स्ट्रॅटेजी कोणती? मला शिकवा."

मास्तर म्हणाले, "उठलो."

त्याने लिहून घेतलं! हल्ली म्हणे त्या बोटीवर दुपारी बाराला दोघंतिघं उठून कठड्यापाशी जाऊन उभे राहतात. आपण रीत उचलतो, कारण सोडून देतो. अहो, आपल्या टिळेमाळांचं दुसरं काय झालंय?

तर खोत, सांगा आता. खोटं पचलं, तर माणूस जिंकला का? पकडलं गेलं असतं, तर मास्तर दोन दिवस भांडून मोकळे झाले असते. पचलं म्हणूनच ते त्यांच्या अंगावर आलं. कारण ते पचायला समोर कुणीतरी लागतं. पूर्ण विश्वास ठेवणारं. हूल सगळ्यात छान बसते ती आपल्यावर माया करणाऱ्या माणसाला, आणि त्याला हरवून आपण काय मिळवतो, हे ज्याचं त्याने बघावं.

तुम्ही हसलात मास्तरांना. त्या मागच्या खांबाआडचे तिघे तर फारच हसले. 'कीर्तनाला जातो' म्हणून घरातून निघालात, आणि मघापासून तिथे कसले पत्ते वाटताय ते मला व्यासपीठावरून दिसतंय. पण तुमची लाज काढत नाही, कारण मागल्या आठवड्यात शेजारच्या गावाला मी सांगितलं, घसा बसलाय, कीर्तन जमणार नाही. घसा ठणठणीत होता. त्या गावच्या एका म्हातारीने माझ्यासाठी आल्याचा काढा करून पाठवला. तो मी प्यालो, मंडळी! पूर्ण प्यालो. उद्या सकाळी तिच्या दारात जाणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

तुमच्या प्रत्येकाच्या घरात आत्ता असं एक माणूस बसलंय, ज्याने तुमचा शब्द खरा मानलाय. आरतीनंतर प्रसाद घ्या आणि सरळ त्याच्याकडे जा. आता मी गाऱ्हाणं घालतो, तुमचं आणि माझं मिळून एक. ज्याच्या त्याच्या पोटात काय आहे ते त्याने जाणून, मनापासून साथ द्यावी. उभे राहा.

बा देवा म्हाराजा, इथे जमलेल्यांनी आणि मी, घरच्या माणसांना जे जे खोटं सांगितलं आणि पचलं...

काय झालं? आवाज येत नाही कुणाचा?