तण मोर

शिकलेल्या माणसांचं कौतुक सांगताय, तर हेही ऐका. पुण्याचे एक सर गुजरातेत डभोईकडे तणमोर शोधायला आले होते. हा गवतातला पक्षी. पावसाळ्यात नर उंच उड्या मारतो. आठ दिवस भटकूनही त्यांच्या वहीत एकही नोंद नव्हती आणि तो शेवटचा दिवस होता. त्या दिवशी जीप माझी. फतेगंजहून निघतानाच ते म्हणाले, "ड्रायव्हर, चौकशी आम्ही करू." मी गिअर टाकला.

माळावर गुरं राखणारा भरवाड भेटला. सरांनी विचारलं, "तणमोर देखा?"

"हा साहेब, रोज!"

त्यानं आम्हाला चिखलातून अर्धा कोस चालवलं. देवळामागे तीन मोर उभे होते.

"गणी लो साहेब. तण मोर."

तिकडच्या बोलीत तीनला तण म्हणतात. सर मटकन दगडावर बसले.

तणमोराला गुजरातीत खडमोर म्हणतात, ते मला ठाऊक होतं. मी विचारलं, "भाई, खडमोर जोयो?"

"ए तो तमारी जीप ऊभी छे त्यां ज कूदे छे!"

परतलो, तर जीपशेजारच्या गवतातून तणमोर उसळून वर आला. सरांनी वही उघडली.

"काका, नोंदीत तुमचं नाव घालतो. पूर्ण सांगा."

सकाळपासून मी ड्रायव्हर होतो.