घासाघीस न करता

काय सांगू तुमाला, मी बेलापूरचा, बाप दुसऱ्याच्या शेळ्या वळायचा, अन् मी शेळ्यांचा व्यापारी झालो, कुनाच्या मेहेरबानीवर न्हाई, माझ्या हिकमतीवर. बाजारात उपरन्याखाली बोटं धरून भाव ठरतो, समोरच्याचं बोट जरा थरथरलं की मला कळतं ह्याला गरज हाय. रागीट बी लई हाय मी, सौदा पटला न्हाई की उपरनं झटकून उठतो.

माझा चुलतभाऊ शमुवेल, त्याचा दहा गुंठ्यांचा तुकडा माझ्या बांधाला लागून. माझ्या दाविदला, एकुलत्या पोराला, तिथं शेळ्यांचा गोठा बांधायचा हुता. तीनदा मागायला गेलो. शमुवेल चार मान्सांत म्हनला, दादा, बाजारात सगळ्यांना गुंडाळतोस, मला न्हाई गुंडाळायचं. ते मी इसरलो न्हाई, आजबी न्हाई.

मंग मनमाड रस्त्याला दाविदचा टेम्पो उलटला. दवाखान्याच्या पायरीवर मी देवाशी सौदा करत बसलो, सगळ्या शेळ्या घे, माझे पाय घे, मला घे. समोरून हातच आला न्हाई. पोरगं गेलं. तवापासून आत काय हलत न्हाई बघा, जेवतो, झोपतो, रडू येत न्हाई. आमच्या देवळाचे, म्हंजे चर्चचे, पाळक घरी येऊन म्हनायचे, सगळं देवाच्या हातात हाय. मी म्हनायचो, त्येच तर माझं भांडन हाय. देवळात जायचं सोडलं.

वरीस झालं न्हाई तर शमुवेल दारात. पोरीकडं पुन्याला ऱ्हायला चाललोय दादा, तुकडा घेतो का? मी म्हनलो, आता कुनासाठी रे? गोठा तू बांधनार का? निघ!

माझी बायको मार्था म्हनली, बसा भावजी. अन् मला म्हनली, रविवारी देवळात बायबलातलं यिर्मया संदेष्ट्याचं वाचलं, तुमी आला न्हाईत. शहराला शत्रूचा येढा, यिर्मया कैदेत, शहर पडनार हे त्यानंच सांगितलेलं. तवाच त्याचा चुलतभाऊ शेत विकायला आला, अन् देवाच्या सांगन्यावरनं त्यानं ते घेतलं, कागद मडक्यात घालून ठिवला, कारन ह्या मुलखात पुन्हा शेतं घेतली जातील असा देवाचा शब्द हुता.

मी इचारलं, भाव किती पाडला त्यानं? मार्था म्हनली, पाडल्याचं लिवलेलं न्हाई.

हे मात्र डोक्यात बसलं. पुन्हा शेतं घेतली जातील असं नुसतं बोलायला काय लागतं? पन पडनाऱ्या शहरात, कैदेत बसून, घासाघीस न करता शेत घेनारा मानूस एकतर येडा, न्हाईतर त्याला वरच्या मालकाचा इरादा ठाऊक हाय. व्यापारी म्हनून सांगतो, त्यो मला येडा वाटत न्हाई.

शमुवेलनं सौद्याच्या सवयीनं हात पुढं केला. मी उपरनं काढलंच न्हाई, म्हनलो, तोंडानं सांग तुझा भाव. त्यानं सांगितला. बरं, म्हनलो. त्यो म्हनला, दादा, तब्येत बरी हाय ना?

मार्था खरेदीचा कागद मडक्यात ठेवते म्हनली. मी म्हनलो, मडकं फुटंल, पत्र्याच्या पेटीत ठेव. तिथंच हाय.

तुकड्यात गवत वाढलंय, शेळ्या चरत्यात. शमुवेलचा राग गेला न्हाई, खोटं कशाला बोलू. बरं वाटत न्हाई, वाईट बी वाटत न्हाई. सकाळी जाऊन बांधावर उभा ऱ्हातो. दाविद पुन्हा भेटंल, त्यो बी देवाचाच शब्द हाय; कवा, कसा, काय इचारत न्हाई. मालक त्यो हाय. माझं उपरनं खांद्यावरच हाय.